ग्लासगोचा सोमल: ८२ ग्रेन आणि न विचारलेला एक प्रश्न

आपण दोन प्रश्न विचारले आहेत. १८५७ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात पिएर एमिल लांजेलिए नावाचा तरुण कारकून सोमलाच्या (आर्सेनिकच्या) विषबाधेने मरण पावला, त्याची प्रेयसी मॅडेलिन स्मिथ हिच्यावर खुनाचा खटला चालला आणि ती सुटली. रासायनिक पृथक्करणाच्या दृष्टीने पाहिले तर ती दोषी होती की निर्दोष, हा पहिला प्रश्न. मृताच्या जठरात ८२ ग्रेनांहून अधिक सोमल सापडला होता. एवढे विष एखादा माणूस कोकोच्या पेल्यातून नकळत पिऊ शकतो का, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी ठामपणे देऊ शकतो. पहिल्या प्रश्नापाशी मला एका ठरावीक जागी थांबावे लागते, आणि ती जागा नेमकी कोणती हे सांगण्यासाठीच उत्तर जरा लांबले आहे.

मी तीस वर्षांहून अधिक काळ व्हिसेरा, म्हणजे मृताचे आतले अवयव, तपासण्याचे काम केले. पोलिसांच्या भाषेत ज्याला ‘सी. ए. रिपोर्ट’ (रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) म्हणतात, तो लिहिण्यात माझी सारी नोकरी गेली. त्यामुळे या खटल्यातील प्रेमपत्रांपेक्षा जठराच्या बरणीकडे माझे लक्ष आधी जाते. तरी प्रकरण नीट कळण्यासाठी घटनाक्रम थोडक्यात सांगणे भाग आहे.

मॅडेलिन ही ग्लासगोतील वास्तुविशारद जेम्स स्मिथ यांची थोरली मुलगी. जन्म १८३५ चा, म्हणजे खटल्याच्या वेळी ती २२ वर्षांची होती. लांजेलिए मूळचा जर्सी बेटावरचा. तो ग्लासगोतील एका मालाच्या वखारीत तुटपुंज्या पगारावर कारकुनी करीत असे. १८५५ मध्ये दोघांची ओळख झाली. घरच्यांचा विरोध असल्यामुळे सारा व्यवहार चोरून आणि पत्रांतून चाले. त्या पत्रांत ती त्याला ‘माझा नवरा’ म्हणते आणि तो तिला ‘मिमी’ म्हणतो. १८५६ च्या उन्हाळ्यात दोघांचा शरीरसंबंधही आला होता, हे त्याच पत्रांवरून उघड होते. पुढे स्मिथ कुटुंब ब्लाइथ्सवुड स्क्वेअरमधील सात क्रमांकाच्या घरात राहायला आले. तिथे मॅडेलिनची झोपण्याची खोली तळघरात होती. खोलीच्या खिडकीला लोखंडी गज होते, आणि बाहेरून पाहिले तर ती रस्त्याच्या पातळीलाच येई. इतकी की वाटेवर उभा असलेला माणूस वाकून पत्र आत टाकू शके आणि आतली व्यक्ती गजांमधून पेला बाहेर देऊ शके. खटल्याच्या दृष्टीने ही खिडकी फार महत्त्वाची आहे, कारण कोको दिला गेला असेल तर तो इथूनच, असे फिर्यादी पक्षाचे म्हणणे होते.

जानेवारी १८५७ च्या अखेरीस मॅडेलिनने विल्यम मिनॉक या सुस्थित व्यापाऱ्याची लग्नाची मागणी स्वीकारली. मिनॉक त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहत होता. फेब्रुवारीत तिने लांजेलिएकडे आपली पत्रे परत मागितली. ती द्यायला त्याने नकार दिला आणि ती तिच्या वडिलांना दाखवीन अशी भाषा केली. त्यावर तिने लिहिलेली विनवणीची पत्रे आजही वाचवत नाहीत. वडिलांच्या हाती ती पत्रे पडली असती, तर त्या काळच्या समाजात तिचे आयुष्य संपल्यातच जमा होते. खटल्यात हेतू कुणाला फारसा शोधावाच लागला नाही, तो तिच्या स्वतःच्या अक्षरात लिहिलेला होता.

यानंतर लांजेलिए फेब्रुवारीत दोनदा आजारी पडला. उलट्या, पोटात कळा, कमालीचा अशक्तपणा अशी लक्षणे होती. २१ फेब्रुवारी, ६ मार्च आणि १८ मार्च अशा तीन तारखांना मॅडेलिनने सॉकीहॉल रस्त्यावरील औषधविक्रेत्यांकडून प्रत्येकी एक औंस सोमल विकत घेतला. पहिल्या वेळी मर्डॉक यांच्या दुकानातून घेतला, पुढच्या दोन्ही वेळी करी यांच्या दुकानातून. तिन्ही वेळा नोंदवहीत तिची सही आहे. दुकानदारांना तिने बागेचे आणि उंदरांचे कारण सांगितले. अटकेनंतरच्या जबाबात मात्र आपण तो पाण्यात कालवून चेहरा, मान आणि हात उजळण्यासाठी वापरला असे ती म्हणाली.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात लांजेलिए ब्रिज ऑफ ॲलन या गावी विश्रांतीसाठी गेला होता. शनिवारी, २१ मार्चला ग्लासगोच्या टपालात पडलेले मॅडेलिनचे एक पत्र त्याच्या मुक्कामावरून पुढे पाठवले गेले आणि त्याला तिथे मिळाले. तू का आला नाहीस, मी वाट पाहत राहिले, उद्या रात्री पुन्हा त्याच वेळी वाट पाहीन, असा त्याचा आशय होता. ते वाचून तो रविवारी ग्लासगोला परतला आणि रात्री नऊच्या सुमारास फ्रँकलिन प्लेसमधील आपल्या मुक्कामावरून बाहेर पडला. पहाटे अडीचच्या सुमारास घरमालकीण जेन्किन्सबाईंनी दार उघडले, तेव्हा तो पोट धरून वाकलेला होता. सोमवार, २३ मार्च रोजी सकाळी अकराच्या सुमारास तो गेला. ते पत्र त्याच्या खिशात सापडले.

मृताचे जठर अँडरसोनियन विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक फ्रेडरिक पेनी यांच्याकडे तपासणीसाठी गेले. जठरातील द्रव्यात त्यांना ८२.७ ग्रेन सोमल मिळाला. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. त्या हिशेबाने हे प्रमाण सुमारे ५.४ ग्रॅम होते. आपल्या जुन्या मापात सांगायचे तर अर्ध्या तोळ्याला थोडे कमी. दोन ते तीन ग्रेन सोमल माणसाला मारायला पुरतो. म्हणजे रात्रभर उलट्या होऊनही जठरात प्राणघातक मात्रेच्या तीसपट विष शिल्लक होते, आणि उलट्यांवाटे गेले ते वेगळेच. पुढे प्रेत दफनघरातून बाहेर काढले गेले, आतडी आणि यकृत यांचीही तपासणी झाली व तिथेही सोमल मिळाला. एडिंबरोचे रॉबर्ट क्रिस्टिसन हे त्या काळचे विषशास्त्रातले मोठे नाव. त्यांनीही स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष काढला. मार्शची चाचणी १८३६ पासून आणि राइन्शची १८४१ पासून प्रचारात होती, तेव्हा सोमल ओळखण्यात या मंडळींची चूक होण्याचे काहीच कारण नव्हते. मृत्यू सोमलाने झाला ही गोष्ट निर्विवाद आहे.

आता आपला दुसरा प्रश्न घेतो. बचाव पक्षाने या मोठ्या आकड्याचाच आधार घेतला होता. इतका सोमल कुणी दुसऱ्याला नकळत पाजू शकत नाही, एवढी भुकटी माणूस स्वतःच मरायचे ठरवून घेतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. वरवर तो पटतो. पांढरा सोमल पाण्याने लवकर भिजत नाही. भुकटी टाकली की थोडी वर तरंगत राहते आणि उरलेली तळाशी बसते. थंड किंवा कोमट पाण्यात ढवळली तरी विरघळायला फार वेळ लागतो, आणि तोवर दाताखाली बारीक वाळूसारखी कचकच लागते. मी हातमोजे घालून जठराच्या घड्यांमधून असा साका वेचला आहे. ओलसर असूनही बोटांना तो खरबरीत लागतो, आणि सुजून लालभडक झालेल्या अस्तरावर त्याचे पांढरे ठिपके चिकटून बसलेले दिसतात. चव जवळजवळ नसते, म्हणून चवीने पकडले जाण्याची भीती नाही. पकडले जायचे ते या कचकचीने.

मराठी वाचकांना बडोद्याचे १८७४ सालचे प्रकरण आठवत असेल. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या पपनसाच्या सरबतात विष घातल्याचा आरोप मल्हारराव गायकवाडांवर आला होता. फेअर यांनी दोन-तीन घोट घेऊन उरलेले सरबत फेकून दिले, तेव्हा पेल्याच्या तळाशी राहिलेला गाळ त्यांना दिसला आणि तिथून सारे प्रकरण सुरू झाले. थंड पेयात सोमल घालणाऱ्याची अडचण त्या गाळात दिसते.

परंतु कोको हे उकळून करायचे पेय आहे, आणि सारा फरक तिथेच पडतो. पेनी यांनी याचा प्रयोगच केला होता व न्यायालयात तो सांगितला. गरम चॉकलेटमध्ये तीस-चाळीस ग्रेन सोमल नुसता ढवळला तर बराचसा तळाशी बसतो, आणि पिणाऱ्याला कण लागून संशय येईल. तेवढाच किंवा त्याहून जास्त सोमल चॉकलेटबरोबर उकळला, तर मात्र काहीच तळाशी बसत नाही. यामागचे रसायन सरळ आहे. उकळत्या पाण्यात सोमलाची विद्राव्यता कित्येक पटींनी वाढते, आणि जो थोडा भाग विरघळत नाही तो कोकोच्या दाट, स्निग्ध द्रवात तरंगत राहतो. पाव लिटर उकळत्या पाण्यात दहा ग्रॅम सोमल सहज मावतो, आणि थोडे निवले तरी तो लगेच खाली बसत नाही. म्हणून आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, होय, पिऊ शकतो; मात्र पेय विषासकट उकळलेले असले पाहिजे. ८२ ग्रेनांच्या आकड्यावरून आत्महत्या सिद्ध होते हा युक्तिवाद मला मान्य नाही. त्या आकड्यावरून खूनही सिद्ध होत नाही. एवढेच कळते की विष देणाऱ्याने, मग तो स्वतः लांजेलिए असो वा दुसरे कुणी, मात्रा जराही मोजून-मापून घातली नव्हती.

याला लागूनच एक व्यवहारातली अडचण येते, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही असे मला वाटते. उकळायला चूल लागते, भांडे लागते आणि वेळ लागतो. त्या रविवारी रात्री घरात नोकर होते. मॅडेलिनची धाकटी बहीण तिच्याच बिछान्यात झोपत असे, आणि तिने साक्ष दिली की साडेदहाच्या सुमारास दोघी खाली आल्या व एकाच वेळी झोपल्या. रात्री उठून कुणी कोको उकळला, खिडकीशी कुणी बोलले किंवा भांडी वाजली, असे सांगणारा एकही साक्षीदार नाही. असे घडणे अशक्य होते असे मी म्हणत नाही. पूर्वी आपण खिडकीतून त्याला कोको दिला होता हे तिने स्वतः कबूल केले आहे, म्हणजे घरच्यांच्या नकळत ही गोष्ट तिला जमत होती. पण जमत होती एवढ्यावरून त्या रात्री ती घडली असे म्हणता येत नाही.

आता मी थांबतो त्या जागेकडे येतो. १८५१ च्या सोमल कायद्याने ब्रिटनमध्ये किरकोळ विक्रीचा सोमल रंगवून विकणे बंधनकारक केले होते. एक पौंड सोमलात किमान एक औंस काजळी किंवा अर्धा औंस नीळ मिसळायची. हेतू हा की पांढरी भुकटी साखर किंवा पीठ समजून कुणी चुकून खाऊ नये आणि अन्नात घातली तर रंगावरून कळावी. मर्डॉक यांच्या दुकानातील सोमलात काजळी होती, करी यांच्या सोमलात नीळ. म्हणजे मॅडेलिनने घेतलेल्या सोमलावर सरकारी कायद्यानेच एक खूण करून ठेवली होती, तीही दुकानागणिक वेगळी. असा मुद्देमाल विश्लेषकाच्या वाट्याला क्वचितच येतो. कायद्याच्या प्रमाणाने हिशेब केला तर ८२ ग्रेन सोमलासोबत पाचएक ग्रेन काजळी किंवा अडीच ग्रेनांच्या आसपास नीळ असायला हवी होती. पाच ग्रेन काजळी काही थोडी नव्हे. ओल्या पांढऱ्या साक्यात तेवढी काजळी मिसळली तर साका राखेसारखा करडा दिसेल.

जठरात काय दिसले? रंगद्रव्य आहे का, हे पाहायला पहिल्या तपासणीच्या वेळी पेनी यांना कुणी सांगितलेच नव्हते. क्रिस्टिसन यांचेही लक्ष त्या बाजूला वेधले गेले नव्हते. दोघांना विचारले होते ते एवढेच, की विष आहे का, कोणते आणि किती. त्यांनी त्याचे उत्तर चोख दिले. रंगाचा प्रश्न पुढे आला तोवर जठरातील द्रव्य प्रक्रियांमध्ये खर्ची पडले होते. मग पेनी यांनी कुत्र्यांना दोन्ही दुकानांचा सोमल देऊन पाहिला. मर्डॉक यांच्या सोमलातील काजळीचे कण त्यांना जठरात ओळखता आले. करी यांच्या सोमलाची निळी छटा मात्र दिसली नाही. करी यांच्या सोमलातील बराचसा रंग थंड पाण्याने कौशल्याने धुऊन काढता येतो, हेही त्यांनी सांगितले. या सगळ्यातून जास्तीत जास्त असे म्हणता येते की, जठरात काजळी खरोखरच नव्हती असे धरले तर तो सोमल मर्डॉककडचा नसावा. तो करी यांच्याकडचा होता, की तिसऱ्याच ठिकाणचा बिनरंगी होता, हे ठरवायला काहीच उरले नाही. कारखान्यांना घाऊक प्रमाणात मिळणारा सोमल रंगविरहित असे, त्यामुळे तिसरी शक्यता नुसती कल्पनेतली नव्हती.

हे वाचताना मला माझ्या टेबलावरचे एक प्रकरण नेहमी आठवते. एका तालुक्याच्या ठिकाणाहून व्हिसेरा आला होता. सोबतच्या पत्रात नेहमीचे एकच वाक्य होते: ‘विष आहे किंवा कसे, याबाबत अभिप्राय मिळावा.’ बरणीचे सील ताडून पाहिले, मिठाच्या संपृक्त द्रावणातून जठर बाहेर काढले आणि ते उलगडताच अस्तराच्या घड्यांत जांभळट रंगाचे चार-पाच दाणे दिसले. पत्रात रंगाविषयी काही विचारलेले नव्हते. तरी मी ते दाणे वेगळ्या कुपीत काढून ठेवले, आकार आणि रंग यांची नोंद केली, आणि मगच उरलेला भाग प्रक्रियेला घेतला. तीन आठवड्यांनी त्याच गुन्ह्यातला मुद्देमाल म्हणून एक पुडी आली, तिच्यात पांढरी भुकटी होती. ते दाणे मी राखले नसते तर माझ्या अहवालात ‘कीटकनाशक आढळले’ एवढेच गेले असते आणि त्या पुडीचा आणि जठराचा संबंध कुणीही सहज जोडून मोकळा झाला असता. पेनी माझ्याहून फार मोठे रसायनज्ञ होते, त्यांच्या हातून हलगर्जीपणा झाला असे मी म्हणणार नाही. पण ज्याने त्यांच्याकडे जठर पाठवले, त्याच्याकडे दोन्ही दुकानांच्या नोंदवह्यांची माहिती लवकरात लवकर असायला हवी होती आणि ती बरणीबरोबर जायला हवी होती. तपासणी करणारा आणि तपास करणारा यांच्यात तेवढी एक चिठ्ठी गेली नाही, म्हणून हे कोडे आज १६० हून अधिक वर्षे कोडेच राहिले आहे.

कागदपत्रांच्या बाबतीतही असेच झाले. मॅडेलिन पत्रांवर बहुधा तारीख घालत नसे, त्यामुळे कोणते पत्र कधीचे हे पाकिटावरच्या टपालशिक्क्यावरून ठरवायचे होते. जप्तीनंतर पत्रे आणि पाकिटे कशी हाताळली गेली यावर बचावाचे वकील जॉन इंग्लिस यांनी कडक टीका केली, आणि ती रास्त होती. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर पंचनामा ढिला होता. एखादे पत्र दुसऱ्याच पाकिटात गेले तर अख्ख्या आठवड्याचा घटनाक्रम बदलतो. खिशात सापडलेल्या शेवटच्या पत्रातील ‘उद्या रात्री’ म्हणजे शनिवारची रात्र की रविवारची, यावर न्यायालयात किती खल झाला हे पाहिले की पाकिटाचे मोल कळते. पत्र शुक्रवारी रात्री लिहून शनिवारी टाकले असेल तर भेट ठरली होती शनिवारी. तो शनिवारी आला नाही, मग रविवारी तो येईल अशी तिची अपेक्षा असण्याचे कारण नव्हते आणि विष उकळून तयार ठेवण्याचेही नव्हते.

लांजेलिएच्या खिशातल्या टिपणवहीचा मुद्दाही आपल्या प्रश्नाशी निगडित आहे. तिच्यात फेब्रुवारी-मार्चमधल्या त्रोटक नोंदी होत्या: १९ फेब्रुवारीला मिमीला थोडा वेळ भेटलो, रात्री फार आजारी पडलो, २२ तारखेला पुन्हा भेट, पुन्हा आजार. तीन न्यायाधीशांनी बहुमताने ही वही पुराव्यात घेण्यास नकार दिला. लिहिणारा हयात नाही, त्याची उलटतपासणी होऊ शकत नाही, असे त्यामागचे कारण. आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ३२, आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम २६, मृत व्यक्तीने आपल्या मृत्यूच्या कारणाविषयी किंवा ज्या घटनाक्रमातून तो ओढवला त्याविषयी केलेले लेखी वा तोंडी कथन ग्राह्य धरते. अशी वही आपल्या न्यायालयात आली असती तर निदान तिच्यावर गंभीर युक्तिवाद झाला असता. मात्र ती आली असती तरी फिर्यादी पक्षाचा फायदाच झाला असता असे समजू नये. वहीप्रमाणे पहिला आजार १९ फेब्रुवारीचा आणि मॅडेलिनने सोमल घेतल्याची पहिली नोंद २१ फेब्रुवारीची. त्याआधी तिच्याकडे सोमल होता असे दाखवणारा कोणताही पुरावा नाही. पहिला आजार सोमलाचा नव्हता असे मानले, तर तशाच लक्षणांचा दुसरा आजार सोमलाचाच होता हे कशावरून? मेरी पेरी या त्याच्या स्नेहिणीने साक्षीत सांगितले की, मॅडेलिनकडून कॉफी किंवा चॉकलेट घेतल्यावर आपल्याला असे का होते हे त्याला कळत नव्हते. साक्ष मनाला भिडते, पण हा आजारी माणसाचा तर्क आहे. त्या दोन्ही वेळच्या उलट्यांची तपासणी कुणी केली नव्हती.

आज हे प्रकरण माझ्याकडे आले असते तर मी जठराइतकेच महत्त्व केसांना दिले असते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि रक्तातून आलेला सोमल त्याच्यात अडकून राहतो. १९ फेब्रुवारी ते २३ मार्च हे अंतर ३२ दिवसांचे आहे, म्हणजे फेब्रुवारीतल्या विषबाधेची खूण मुळापासून सुमारे एक सेंटिमीटरवर मिळाली असती. मुळासकट उपटलेल्या केसांचे बारीक तुकडे क्रमाने तपासून दोन गोष्टी कळल्या असत्या. फेब्रुवारीचे आजार सोमलाचे होते का, ही पहिली. दुसरी गोष्ट बचाव पक्षाच्या एका दाव्याविषयीची आहे. लांजेलिए स्वतः सोमल खाण्याच्या गोष्टी करीत असे, अशा साक्षी झाल्या होत्या. ऑस्ट्रियातील स्टायरियाचे शेतकरी अंगात जोम यावा म्हणून सोमल खातात, हे त्या काळी नियतकालिकांतून बरेच छापून येत होते. तो नियमित सोमल खाणारा असता तर केसाच्या संपूर्ण लांबीत सोमल पसरलेला दिसला असता. दोन वेळा कुणी दिला असता तर दोनच जागी त्याचे प्रमाण वाढलेले दिसले असते. १८५७ साली इतक्या बारीक तुकड्यांत सोमल मोजणे शक्य नव्हते, हे पेनी व क्रिस्टिसन यांना न्याय देऊन सांगितले पाहिजे.

खटला एडिंबरो येथे ३० जून १८५७ रोजी सुरू झाला आणि ९ जुलैला निकाल लागला. आरोपीला स्वतःच्या बचावासाठी शपथेवर साक्ष देण्याची मुभा तेव्हा नव्हती, ती १८९८ मध्ये मिळाली. त्यामुळे मॅडेलिन नऊ दिवस मूकपणे बसून होती. तिचे म्हणणे म्हणून तिचा अटकेनंतरचा जबाब तेवढा वाचून दाखवण्यात आला. त्यात मृत्यूपूर्वी सुमारे तीन आठवडे आपण लांजेलिएला भेटलोच नव्हतो असे तिने म्हटले होते. पंधरा जणांच्या ज्यूरीने पहिल्या विषप्रयोगाच्या आरोपातून तिला निर्दोष ठरवले आणि दुसरा विषप्रयोग व खून या दोन्ही आरोपांवर ‘सिद्ध झाले नाही’ असा निर्णय दिला. हा तिसऱ्या प्रकारचा निर्णय स्कॉटलंडच्या कायद्याचे वैशिष्ट्य होते. आरोपी सुटे, पण ‘निर्दोष’ हा शब्द त्याला मिळत नसे. पुढे १८६१ मध्ये तिने लंडनमध्ये जॉर्ज वॉर्डल या चित्रकाराशी लग्न केले, उतारवयात ती अमेरिकेत गेली आणि १९२८ मध्ये न्यूयॉर्क येथे वारली.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी आपल्याच सर्वोच्च न्यायालयाची फूटपट्टी वापरतो. १९८४ साली पुण्यातील एका विषबाधा प्रकरणाचा निकाल देताना न्यायालयाने सांगितले की, परिस्थितिजन्य पुराव्यावर विषप्रयोगाचा खून सिद्ध करायचा तर चार गोष्टी दिसल्या पाहिजेत: आरोपीला स्पष्ट हेतू होता, मृत्यू त्या विषानेच झाला, ते विष आरोपीच्या ताब्यात होते आणि ते देण्याची संधी आरोपीला मिळाली. मॅडेलिनचा हेतू पत्रांतून दिसतो. मृत्यूचे कारण पेनी आणि क्रिस्टिसन यांनी निर्विवादपणे सांगितले. तिसऱ्या मुद्द्यावर सोमल तिच्याकडे होता हे नोंदवह्या सांगतात, पण जठरातला सोमल ‘तोच’ होता हे सांगणारा रंगाचा पुरावा कुणी पाहिलाच नाही. चौथ्या मुद्द्यावर तर काहीच नाही. रात्री साडेनऊच्या सुमारास लांजेलिए एका परिचिताच्या दारात दिसला. तो परिचित घरी नव्हता. तिथून पहाटे अडीचपर्यंत, पाच तास, तो कुठे होता हे कुणालाही सांगता आले नाही. त्या भागात गस्त घालणारा कॉन्स्टेबल त्याला ओळखत होता, आणि त्यालाही तो त्या रात्री दिसला नव्हता.

तेव्हा दोषी की निर्दोष यावर माझे वैयक्तिक मत विचाराल, तर तिने विष दिले असण्याची शक्यता मला अधिक वाटते. तीन वेळा घेतलेला सोमल, वेळोवेळी बदललेले कारण, आणि लांजेलिएने कुठूनही सोमल विकत घेतल्याचा पुरावा नसणे, हे सारे त्या बाजूला झुकते. पण ज्यूरीत असतो तर मीही हाच निर्णय दिला असता. आणि अहवाल लिहायला बसलो असतो तर त्यात पुढील मजकूर लिहून सही केली असती: जठरात ८२.७ ग्रेन आर्सेनिक ट्रायऑक्साइड आढळले; आतडी व यकृत यांतही ते आढळले; मात्रा प्राणघातक आहे; काजळी व नीळ यांसाठी नमुना तपासलेला नाही; मुद्देमालातील सोमलाशी त्याचे साम्य आहे किंवा कसे, याबाबत अभिप्राय देता येत नाही.